कापडाचे माप आणि बळाचे माप



कापडाच्या दुकानात आपण गेलो की दुकानदार आधी मीटरपट्टी हातात घेतो. त्याचा तो धंदाच आहे. मोजल्यावाचून त्याला कापड विकता यायचे नाही. गंमत अशी की, त्याच कापडाची जाहिरात समोर आली म्हणजे तुम्ही-आम्हीही मनातल्या मनात मीटरपट्टी काढतो. चित्रातल्या बाईच्या अंगावर कापड किती आहे, ते मोजतो. पुरेसे वाटले तर पान उलटतो, अपुरे वाटले तर "काय दिवस आले!" म्हणून कपाळाला हात लावतो. दोन्ही वेळा आपली समजूत अशी की, आपण जाहिरातीची परीक्षा केली.

ही परीक्षा अपुरी आहे आणि पुष्कळदा ती आपल्याला भलतीकडेच नेते, हे आज मला सांगायचे आहे. जाहिरातीत कापडापेक्षा बळ मोजायला हवे. बळ कोणाच्या हाती आहे, ते कोणावर चालवले जात आहे आणि ते आपल्यापुढे सुंदर म्हणून मांडले जात आहे काय, हे पाहायला हवे.

हा विषय मला कसा सुचला ते आधी सांगतो. मी एका ग्रामीण भागातल्या महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवतो. प्रसारमाध्यमांचा धडा चालू असताना दोन वर्षांमागे मी वर्गात एक परदेशी जाहिरात दाखवली. 'डोल्चे अँड गबाना' ही इटलीतील कपड्यांची मोठी पेढी. तिची ही २००७ सालची जाहिरात. एक तरुणी जमिनीवर उताणी पडली आहे. पायांत उंच टाचांचे बूट आहेत. एक उघड्या अंगाचा पुरुष तिच्यावर ओणवा झाला आहे आणि त्याने तिची मनगटे जमिनीशी दाबून धरली आहेत. भोवती आणखी काही पुरुष उभे आहेत. ते मदतीला धावत नाहीत, की तोंड फिरवीत नाहीत. नुसते पाहत आहेत. सगळ्यांचे चेहरे शांत आहेत. उजेड सुंदर, कपडे सुंदर. कोपऱ्यात पेढीचे नाव.

मी वर्गाला विचारले, "या चित्रात काय चालले आहे?" एक मुलगा म्हणाला, "सर, अंगावर कपडे आहेत की! वाईट काय त्यात?" दुसरा म्हणाला, "फॅशन आहे, सर." मुलींच्या बाकांवरून एक शब्द आला नाही. तास संपला. हजेरीपट उचलला तर त्यात घडी घातलेली एक चिठ्ठी. नाव नव्हते. दोनच ओळी होत्या: "सर, अशा चित्रांवर बोलणे निघाले की घरी आमचेच कपडे मोजतात. म्हणून आम्ही गप्प बसलो."

त्या दोन ओळींनी मला विचार करायला लावले. म्हणजे पाहा, चित्र इटलीतल्या पेढीचे, काढणारे पुरुष, त्यात बळ वापरणारे पुरुष, आणि त्याची शिक्षा कोणाला? तर तालुक्याच्या गावी सायकलवरून कॉलेजात येणाऱ्या पोरीला! हे कसे होते? मीटरपट्टीमुळे होते. जाहिरातीतला दोष कापडात आहे असे एकदा धरले, की मग उपायही कापडातच शोधला जातो. आणि तो शोधताना पहिली सापडते ती घरातली मुलगी.

आता त्याच जाहिरातीचे पुढे काय झाले ते पाहू. स्पेनमधल्या सरकारी महिला संस्थेने तिच्यावर आक्षेप घेतला. खुद्द इटलीत जाहिरातक्षेत्राच्या स्वयंनियमन संस्थेने तिला मनाई केली. पेढीच्या बाजूने सांगण्यात आले की, हा कल्पनेतला शृंगाराचा खेळ आहे, कोणाला दुखावण्याचा हेतू नव्हता. अखेर जाहिरात मागे घ्यावी लागली. यात ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की आक्षेप कापडावर नव्हता. बाई असहाय दाखवली आहे, ती पुरुषांच्या ताब्यात आहे, आणि तिच्या असहायपणाचा उपयोग कपडे खपवण्यासाठी केला आहे, हा आक्षेप होता. स्पेनमध्ये डिसेंबर २००४ मध्येच स्त्रियांवरील हिंसेविरुद्ध एक व्यापक कायदा झाला होता, आणि स्त्रीची मानहानी करणारी जाहिरात बेकायदा ठरवण्याची तरतूद त्यात होती. प्रश्न सभ्य-असभ्यतेचा नव्हता, हिंसेचा होता.

कोणी म्हणेल, असली जाहिरात हजारात एखादी. तिच्यावरून सगळ्यांना कशाला धारेवर धरता? शंका रास्त आहे. म्हणून रोजच्या, साध्यासुध्या जाहिरातींकडे वळू. अर्व्हिंग गॉफमन नावाचे एक समाजशास्त्रज्ञ होऊन गेले. मूळचे कॅनडाचे, काम अमेरिकेत. १९७९ साली त्यांचे 'जेंडर ॲडव्हर्टाइजमेंट्स' हे पुस्तक निघाले. मासिका-वर्तमानपत्रांतली पाचशेच्या आसपास चित्रे त्यांनी समोर मांडली आणि गावातला जाणता माणूस बैल पारखावा तशी ती पारखली. पाय कसे, मान कशी, नजर कुठे!

त्यांना काय दिसले? पुरुष बहुधा उंच, बाई खाली. पुरुष दोन्ही पायांवर ताठ, बाईचा एक गुडघा किंचित वाकलेला, मान कललेली. पलंगावर किंवा जमिनीवर आडवे पडलेले माणूस पुष्कळदा बाईच. पुरुषाचा हात वस्तू घट्ट धरतो, काही काम करतो. बाईची बोटे वस्तूवरून नुसती फिरतात. पुरुष समोर बघतो. बाईची नजर हरवलेली, जणू ती तिथे नाहीच. यातले एकेक चित्र पाहिले तर आक्षेपार्ह काही नाही. मान कलली म्हणून काय बिघडले? पण शेकड्यांनी चित्रांत एकाच बाजूची मान कलते, तेव्हा त्याला योगायोग म्हणता येत नाही. जो ताठ उभा आहे तो सावध आहे. जो आडवा पडला आहे, ज्याची नजर हरवली आहे, त्याला वार चुकवता यायचा नाही. थोडक्यात, रोजच्या साध्या जाहिरातीत बाईला जे उभे राहण्याचे वळण लावले जाते, त्याचेच टोक म्हणजे ते दाबलेले मनगट.

हे टोक एका दिवसात आलेले नाही. अमेरिकेतल्याच तीन जाहिराती... नव्हे, दोन अमेरिकेतल्या आणि एक फ्रान्समधली, अशा तीन सांगतो. १९५१ साली 'व्हॅन ह्यूसन'च्या टायची जाहिरात आली. नवरा टाय लावून पलंगावर ऐसपैस पडला आहे आणि बायको गुडघे टेकून त्याच्यापुढे न्याहारीचे ताट धरून आहे. हे जग पुरुषाचे आहे, ते तिला दाखवून द्या, अशा अर्थाचा मजकूर वर छापलेला. १९७० च्या सुमारास विजारींची एक जाहिरात निघाली. जमिनीवर वाघाचे कातडे अंथरले आहे, पण वाघाच्या मुंडक्याच्या जागी बाईचे डोके आहे, आणि पुरुषाचा पाय त्या डोक्यावर. पुढे १९७५ साली 'शार्ल जुर्दां' या फ्रेंच पेढीच्या बुटांसाठी गी बुर्दां या छायाचित्रकाराने एक चित्र घेतले. रस्त्यावर खडूने काढलेली मानवी आकृतीची बाह्यरेषा, पोलीस प्रेताभोवती काढतात तशी. लाल डाग, आणि बायकी बूट. बाई चित्रात नाहीच. ती मेली आहे. उरले आहेत ते बूट, आणि ते विकायचे आहेत.

तीनही चित्रे क्रमाने मनापुढे ठेवा. पहिल्यात बाई सेवा करते, दुसऱ्यात ती शिकार झाली आहे, तिसऱ्यात ती संपली आहे. आणि कापडाची मीटरपट्टी लावाल तर पहिल्या चित्रातली बाई अंगभर कपड्यांत आहे, आणि तिसऱ्यात मोजायला बाईच नाही!

बूट विकायला प्रेत कशाला लागते, असा प्रश्न साध्या माणसाला पडेल. उत्तर धंद्यात आहे. एका पेढीचा बूट दुसऱ्या पेढीच्या बुटाहून फारसा वेगळा नसतो. वाचक पाने भराभर उलटत असतो. आज तर अंगठ्याच्या एका फटकाऱ्यासरशी मोबाइलवरचे चित्र वर सरकते. तो अंगठा क्षणभर थांबवायचा, एवढ्यासाठी जाहिरातदार धडपडतो. भीती माणसाला थांबवते, लैंगिक आकर्षणही थांबवते. दोन्ही एकत्र केली की थांबणार म्हणजे थांबणारच, असा हा हिशोब. शिवाय आरडाओरडा झालाच, तर वर्तमानपत्रे तेच चित्र बातमी म्हणून फुकट छापतात. म्हणजे दोन्हीकडून नफा. दंगा झाला तर गिऱ्हाईक, न झाला तरी गिऱ्हाईक.

आता आपल्या घरी येऊ. १९९५ साली मुंबईत 'टफ' नावाच्या बुटांची जाहिरात गाजली. मिलिंद सोमण आणि मधु सप्रे हे दोघे मॉडेल, पायांतल्या बुटांखेरीज अंगावर काही नाही, आणि भोवती एक अजगर. मी तेव्हा शाळेत होतो. घरात मोठी माणसे वर्तमानपत्राचे ते पान घडी घालून ठेवायची, हे मला चांगले आठवते. पोलिसांत गुन्हा नोंदला गेला, खटला चौदा वर्षे चालला आणि २००९ साली आरोपी निर्दोष सुटले. ती जाहिरात चांगली होती असे सांगण्याचा माझा उद्देश नाही. ज्याची त्याची आवड. पण बळाचे माप लावून तिच्याकडे पाहा. दोघेही उभे आहेत, दोघांच्याही अंगावर सारखेच काही नाही, कोणी कोणाला दाबलेले नाही. आपल्या समाजाने चौदा वर्षे कोर्टात घासाघीस केली ती नागडेपणावर.

तिच्या शेजारी दुसरी जाहिरात ठेवा, जून २०२२ मधली. अंगाला मारायच्या सुगंधी फवाऱ्याची ही जाहिरात टीव्हीवर, आणि तीही क्रिकेटच्या सामन्यात दाखवली गेली. एका दुकानात एक तरुणी वाकून काही पाहत आहे. मागे चार तरुण. "आपण चार आणि इथे एकच, मग कोण घेणार?" अशा धर्तीचे त्यांचे बोलणे तिच्या कानावर पडते. ती दचकून मागे वळते. तिच्या चेहऱ्यावर भीती आहे. मग उलगडा होतो की, पोरे फळीवर उरलेल्या एका बाटलीबद्दल बोलत होती. हा म्हणे विनोद! अंगभर कपडे, शिवी नाही, स्पर्श नाही. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. ती मुलगी घाबरली नसती, तर हा विनोद उभाच राहिला नसता. म्हणजे चार पुरुषांमध्ये एकट्या बाईला काय वाटते, हे जाहिरात करणाऱ्याला नेमके ठाऊक होते. आणि ते ठाऊक असूनच त्याने ते हसण्यासाठी वापरले. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीतल्या बसमध्ये एका तरुणीवर जो अत्याचार झाला आणि ज्यात तिचा जीव गेला, तो विसरायला दहा वर्षेही पुरी झाली नव्हती. लोक खवळले. केंद्र सरकारच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने जाहिरात बंद करायला लावली, इंटरनेटवरूनही काढायला सांगितली, आणि कंपनीने माफी मागितली.

१९९५ ते २०२२ या काळात आपल्या आक्षेपाची जागा बदलली, ही समाधानाची गोष्ट आहे. पूर्वी आपण कातडी पाहत होतो. आता निदान भीती पाहू लागलो आहोत. नियमांतही तो फरक उतरला आहे. १९८६ साली स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला मनाई करणारा केंद्रीय कायदा झाला. त्यात स्त्रीचा अपमान करणाऱ्या चित्रणाचाही उल्लेख आहे, पण व्यवहारात चर्चा अश्लीलतेभोवतीच फिरत राहिली. जाहिरातधंद्याने स्वतः १९८५ साली स्थापन केलेली 'ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया' ही संस्था मुंबईतून चालते. तिने जून २०२२ मध्ये स्त्री-पुरुषांच्या साचेबंद भूमिकांविषयी मार्गदर्शक नियम जाहीर केले. ब्रिटनमध्ये असाच नियम जून २०१९ पासून अमलात आला.

इथे नेहमीचा आक्षेप येतो. "अहो, चित्र पाहून कोणी गुन्हा करतो काय?" नाही करीत. एक चित्र पाहून सज्जनाचा दुर्जन होत नाही, हे मी मान्य करतो. पण बैलगाडीच्या एका फेरीने तरी रस्त्यात चाकोरी कुठे पडते? शंभर फेऱ्या झाल्या की पडते, आणि मग गाडीवान झोपला तरी बैल त्या चाकोरीतूनच जातात. चित्रांचे तसेच आहे. बाईने मान कलवायची, पुरुषाने मनगट धरायचे, भोवतालच्यांनी पाहत उभे राहायचे, ही चाकोरी डोळ्यांत पडते. मग एसटी स्टँडवर खरोखरीच कोणी एखादीचा हात धरला, तर भोवतालची माणसे पाहत उभी राहतात. मला त्या इटालियन चित्रातल्या मनगट धरणाऱ्यापेक्षाही पाहत उभ्या राहिलेल्यांची जास्त भीती वाटते. कारण ती भूमिका तुमच्या-माझ्या वाट्याला येण्याचा संभव अधिक.

आणि यात मुलग्यांचाही अपमान आहे, हे त्यांना सांगायला हवे. पुरुष म्हणजे दाबून धरणारा, चौघांत मिळून दरारा दाखवणारा, याखेरीज त्याला दुसरे रूप नाही, असे ही चित्रे सांगतात. वस्तुतः पुरुषांचे कपडे दुसऱ्या रीतीनेही खपतात. 'रेमंड'च्या सूटिंगच्या जाहिरातींत लहान मुलांत रमणारा, हळवा पुरुष आपण वर्षानुवर्षे पाहिला. त्याने कोणाला दाबले नाही, म्हणून कापड खपायचे राहिले नाही.

शृंगारालाही माझा विरोध नाही. आपल्या लेण्यांत, लावणीत, संतांच्या गौळणींतसुद्धा तो आहे. पण शृंगाराला दोन माणसे लागतात, दोघांची नजर लागते, दोघांचा होकार लागतो. एकाचा होकार आणि दुसऱ्याचे मनगट, याला शृंगार म्हणत नाहीत.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक छोटा प्रयोग सुचवतो. त्याला खर्च नाही. रद्दीतून कपड्यांच्या, बुटांच्या, साड्यांच्या पाच-सहा जाहिराती निवडा. भडक नकोत, साध्याच घ्या. मुलांना चार प्रश्न विचारा. चित्रात उंचावर कोण आहे आणि खाली कोण? कोणाचे हात काम करीत आहेत? कोण कोणाकडे बघत आहे, आणि कोणाची नजर हरवली आहे? आणि चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: यातल्या एखाद्याला तिथून उठून जावेसे वाटले, तर जाता येईल काय? मग अदलाबदल करायला सांगा. बाईच्या जागी बापे माणूस आणि त्याच्या जागी बाई, अशी कल्पना करा. ही युक्ती गॉफमन यांनीच सांगितलेली आहे. अदलाबदल केल्यावर वर्ग हसला, तर थांबून विचारा, का हसलात? खरा धडा त्या हसण्यातून सुरू होतो.

चित्र फारच वाईट असेल तर तक्रार करा. मघाशी सांगितलेल्या मुंबईच्या संस्थेकडे सामान्य माणूसही, पदरचा पैसा न घालता, इंटरनेटवरून तक्रार पाठवू शकतो. आपल्या एकट्याच्या तक्रारीने काय होणार, असे मनात आणू नका. १९७६ साली अमेरिकेत लॉस एंजेलिस शहरात एका गाण्याच्या तबकडीची जाहिरात मोठ्या फलकावर लागली होती. दोरांनी बांधलेली, अंगावर वळ उठलेली बाई, आणि तिला ते आवडते असा मजकूर. तिथल्या बायका एकत्र आल्या, त्यांनी निषेध केला आणि फलक उतरवला गेला. त्यांच्या हाती सत्ता नव्हती, पण आपण काय पाहत आहोत हे त्यांना नेमके सांगता येत होते.

ते नेमके सांगता येणे, हेच शिक्षण. गेल्या वर्षी तोच धडा शिकवताना मी ते चित्र दाखवण्याआधी फळ्यावर लिहिले, "आज आपण कपड्यांविषयी बोलणार नाही." मग वरचे चार प्रश्न लिहिले. चौथ्या प्रश्नाला मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "नाही सर, तिला जाता येणार नाही. हात धरलेत, आणि बाकीचे वाट अडवून उभे आहेत." वर्गात कोणी हसले नाही. थोड्या वेळाने एक मुलगा म्हणाला, "त्यातल्या एकाने तरी 'सोड तिला' म्हणायला पाहिजे होतं."

चिठ्ठी लिहिणारी मुलगी कोण होती ते मला आजही माहीत नाही, आणि शोधायचेही नाही. तिच्या घरातले कोणी हे भाषण ऐकत असेल, तर त्यांना एवढेच सांगणे: उद्या असले चित्र दिसले, तर घरातल्या मुलीकडे पाहू नका. चित्राकडे पाहा. आणि शेजारी मुलगा बसला असेल, तर त्याला विचारा, "त्या घोळक्यात तू असतास, तर काय केले असतेस?"